चेहरा दिसत नाही, म्हणून फोटो माझा नाही?

निळी पिशवी (धागाकर्ती)

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तपासणीचा रिपोर्ट घेतला आणि बाहेरच्या बसथांब्यावर बाकावर बसून पाकीट फोडलं. वाचलं. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आठवायची गरजही उरलेली नाही म्हणा, कारण त्याचा फोटो आहे. मांडीवर पिवळं पाकीट, शेजारी निळी पिशवी, एका पायातली चप्पल निसटून बाकाखाली गेलेली, चेहरा ओंजळीत. मागून तिरपं ऊन.

हा फोटो एका छायाचित्रकाराने 'निकाल' असं नाव देऊन सोशल मीडियावर टाकला. चेहरा कुठेच दिसत नाही. पण पिशवीवरचं भरतकाम माझ्या नणंदेच्या हातचं आहे, तशी दुसरी पिशवी जगात नाही. तिच्या मैत्रिणीने ओळखली. फोटो मोठा केला की पाकिटावर छापलेलं विभागाचं नावही वाचता येतं. संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळलं की मी कसली तपासणी करायला गेले होते. मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. पुढच्या तपासणीत गाठ साधी निघाली, पण तो मुद्दा नाही. कोणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं हे मी ठरवणार होते.

छायाचित्रकाराला निरोप पाठवला. उत्तर अगदी सभ्य आलं: जागा सार्वजनिक होती, चेहरा दिसत नाही, आणि हवं असेल तर तुम्हाला टॅग करतो.

टॅग!

त्याने फोटो काढला यावर माझं फारसं भांडण नाही. तो चारचौघांत मांडायचा अधिकार त्याला कुठून मिळाला, एवढं मला कोणीतरी समजावून सांगा.

तिरपा डोळा

बारा वर्षं रस्त्यावर फोटो काढतोय, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा. तुमच्यासोबत झालं ते वाईट झालं. पाकिटावरची अक्षरं पुसायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. तो हलगर्जीपणा आहे आणि त्याचा बचाव मी करणार नाही.

पण तुम्ही मागताय ते तत्त्व मला मान्य नाही. परवानगी विचारली की क्षण मेला. माणूस लगेच केस सारखे करतो, हसतो, खोटा होतो. मागच्या शतकातले लोक रस्त्यावर कसे चालत, कसे कंटाळत, हे आपल्याला माहीत आहे ते न विचारता काढलेल्या फोटोंमुळे. न्यूयॉर्कमध्ये फिलिप-लोर्का डिकॉर्सिया याने टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे बांधून, दुरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. त्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी धार्मिक कारणाने हरकत घेऊन दावा लावला. २००६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कारण काय, तर ही कला आहे, जाहिरात नव्हे.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. 'संमतीशिवाय दाखवायचं नाही' हा नियम उद्या खरंच झाला, तर तो सर्वांत आधी कोण वापरेल? १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलीस रॉडनी किंगला बदडत होते ते एका माणसाने आपल्या बाल्कनीतून चित्रित केलं. २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा होता, तेव्हा १७ वर्षांच्या मुलीने फोन धरून ठेवला. त्या पोलिसांची संमती घ्यायची होती का?

रिकामी चौकट

@तिरपा डोळा, हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता पाठ झालाय. प्रश्न बाकावर रडणाऱ्या बाईचा आणि उत्तर पोलिसाच्या गुडघ्याचं. वर्दीतला माणूस कामावर असतो, त्याच्या हातात सत्ता असते. ती कुठल्या कामावर होती?

आणि कलेचं म्हणाल तर १९३६ मधला डोरोथिया लँग हिचा तो प्रसिद्ध फोटो घ्या, कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीतली आई आणि तिला बिलगलेली मुलं. मंदीच्या काळाचा चेहरा म्हणून तो आजही छापला जातो. त्या बाईचं नाव लँगने विचारलंच नव्हतं. ते जगाला कळलं १९७८ मध्ये. तेव्हा तिने सांगितलं की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून तिला दमडीही मिळाली नाही. बेचाळीस वर्षं ती स्वतःच्याच चेहऱ्याला पोस्टरवर बघत होती. फोटो महान आहे, मान्य. पण त्याची किंमत कोणी मोजली, हे महान म्हणताना कोणी बोलत नाही.

फटकळ

मग काय डोळ्यांवर पट्टी बांधून फिरायचं का लोकांनी? बाहेर आलात की दिसणारच. रडायचं तर घरी रडा.

निळी पिशवी

@फटकळ, घरी रडता आलं असतं तर बाकावर कशाला बसले असते? थांब्यावर मला वीस माणसांनी पाहिलं असेल, त्याचं मला काहीच नाही. एका बाईंनी तर न बोलता चप्पल पायाने माझ्याकडे सरकवली. डोळ्यांनी पाहिलेलं घरी जाईपर्यंत विसरतं माणूस. माझ्या नणंदेपर्यंत ते डोळे पोचले नसते.

कलमबहाद्दर

काढणं आणि दाखवणं हा धागाकर्तीने केलेला फरक हवेतला नाही, कायद्यात तो आधीपासून आहे. जरा इतिहास सांगतो, रुक्ष वाटला तर पुढे जा.

१८९८ मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क वारला त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून विकायच्या मागे लागले. घरचे न्यायालयात गेले, जिंकले, पण निकाल कशाच्या आधारावर द्यायचा याचीच पंचाईत झाली. घरात घुसणं हा गुन्हा होता, चित्राबद्दल कायदाच नव्हता. त्या घोळातून जर्मनीत १९०७ चा कायदा आला: माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसारित करता येणार नाही किंवा प्रदर्शनात मांडता येणार नाही. शब्द नीट पाहा, 'प्रसारित' आणि 'मांडता'. त्याला अपवादही आहेत: सार्वजनिक जीवनातल्या व्यक्ती, सभा-मोर्चे, आणि दृश्यात सहज आलेली माणसं. म्हणजे @तिरपा डोळा यांचे पोलीस आणि मोर्चे यांची सोय शंभर वर्षांपूर्वीच बघून ठेवलेली आहे.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल तर या प्रकरणाला फारच जवळचा आहे. माँट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेली १७ वर्षांची मुलगी, फोटो कलाविषयक मासिकात छापला, बदनामी करणारं त्यात काहीच नाही. तरी न्यायालयाने भरपाई दिली, २,००० डॉलर. रस्त्यावर असणं म्हणजे छापायला होकार देणं नव्हे, असा त्याचा मथितार्थ. क्वेबेक प्रांताचा कायदा वेगळा आहे हे खरं, पण तर्क कुठेही लागू पडावा असाच आहे.

आपल्याकडे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा हेही मान्य केलं की सार्वजनिक जागेत पाऊल टाकलं म्हणून माणूस तो हक्क उंबऱ्यावर ठेवून येत नाही. पण ते झालं तत्त्व. हातात धरायला कलम म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रापुरतं, आणि भारतीय न्याय संहितेचं ७७ खासगी कृत्य करणाऱ्या स्त्रीकडे चोरून पाहण्या-टिपण्यापुरतं. त्या ७७ च्या स्पष्टीकरणात मात्र एक मोलाची गोष्ट आहे: चित्र काढायला होकार दिला पण पसरवायला दिला नसेल, तर पसरवणं हा गुन्हा. काढणं वेगळं, पसरवणं वेगळं, हे तिथे पांढऱ्यावर काळं लिहिलंय. कपडे घालून बाकावर रडणाऱ्या बाईसाठी मात्र नेमकं कलम नाही.

तिसरा मजला

थोडं अवांतर, पण इथेच विचारतो. माझ्या समोरच्या फ्लॅटवाल्यांनी दारावर कॅमेरा बसवलाय. तो थेट माझ्या दारावर रोखलेला. दार उघडलं की माझा अर्धा हॉल त्यांच्या फोनवर. मी दूध घ्यायला कुठल्या अवतारात येतो हे त्यांना माझ्या बायकोपेक्षा जास्त माहीत असणार. बोललो तर म्हणाले, सुरक्षेसाठी आहे.

समोरचा फ्लॅट नव्हे

मी ते शेजारी नाही, पण माझ्याही दारावर कॅमेरा आहे आणि आमच्या मजल्यावर हेच भांडण झालंय. सगळ्यांत जास्त ओरडणारे गृहस्थ सायकल चोरीला गेली त्या रात्री साडेअकराला माझ्या दारात उभे, "जरा फुटेज दाखवता का?" दाखवलं. सायकल त्यांच्याच भाच्याने नेली होती. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तक्रार सुरू.

कलमबहाद्दर

@तिसरा मजला, युरोपीय संघाच्या न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल तुमच्या कामाचा आहे. चेक प्रजासत्ताकातल्या एका माणसाच्या घराच्या काचा वारंवार फुटायच्या. त्याने कॅमेरा लावला, त्यात घरासमोरचा रस्ता आणि समोरच्या घराचं दारही येत होतं. बेचकीने काच फोडणारे दोघे सापडले. मग त्यातल्याच एकाने उलट विचारलं, हे चित्रीकरण कायदेशीर आहे का? काचा फुटलेल्या माणसालाच दंड झाला होता! युरोपीय न्यायालयाने म्हटलं की कॅमेरा थोडा जरी सार्वजनिक जागेवर जात असेल तर ती 'घरगुती बाब' राहत नाही, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो. मात्र मालमत्तेच्या रक्षणाचं कारणही वजनात धरायला हवं, हेही सांगितलं.

निकालाचं सोडा. शेजाऱ्यांना सांगा, कॅमेरा पंधरा अंश वळवा. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये चौकटीचा नको तो भाग काळा करायची सोय असते. ती करून स्क्रीन तुम्हाला दाखवू द्या. नाही ऐकलं तर लेखी द्या.

रिकामी चौकट

घरातल्या माणसाचं काय याचीही दोन टोकं आहेत. न्यूयॉर्कमध्ये एका छायाचित्रकाराने समोरच्या काचेच्या इमारतीतली माणसं दूरवरच्या लेन्सने टिपून प्रदर्शन भरवलं. रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये हरले, कारण पुन्हा कला. आणि लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाच्या गच्चीवरून लाखो लोक शेजारच्या काचेच्या घरांत डोकावत, फोटो काढत, त्या प्रकरणात २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांची बाजू घेतली. पडदे लावा की, हा सल्ला न्यायालयाने ऐकून घेतला नाही. मला तो निकाल फार आवडतो. 'पडदे लावा' आणि 'घरी रडा' ही एकाच घरातली वाक्यं आहेत.

तिरपा डोळा

@कलमबहाद्दर, जर्मनीतल्या मित्रांना विचारा. तिथले रस्त्यावरचे छायाचित्रकार सावल्या, पाठी आणि छत्र्या काढून काढून कंटाळलेत. भीतीपोटी अख्ख्या शहराचे चेहरे गाळले जातात. गूगलची गाडी रस्त्यांचे फोटो घ्यायला आली तेव्हा तिथल्या दोन लाखांहून जास्त घरांनी आपली घरं पुसून घेतली. नकाशावर कित्येक वर्षं धुरकट ठिगळं. उद्याच्या इतिहासकाराने ठिगळं बघायची?

तरी एक कबूल करतो. 'काढणं' आणि 'दाखवणं' या दोन्हींना मी कायम एकच क्रिया समजत आलो. फिल्मच्या काळात मध्ये आठवडा जायचा. धुवा, सुकवा, निवडा. त्या आठवड्यात डोकं थंड व्हायचं. आता मी थांब्यावरून घरी पोचायच्या आत फोटो टाकलेला असतो. दाखवायचा की नाही हा प्रश्न मी स्वतःला शेवटचा कधी विचारला, ते आठवत नाही.

रिकामी चौकट

मग तुमचा आताचा नियम काय? सरळ सांगा, तत्त्व नको.

तिरपा डोळा

सरळ म्हणजे... गर्दी, चालणारी माणसं, हसणारी, भांडणारी: टाकणार, न विचारता. कोणी काढून टाक म्हणालं तर वाद न घालता काढून टाकणार. झोपलेला, रडणारा, दवाखान्याच्या आसपासचा माणूस: फोटो काढला तरी त्याला दाखवल्याशिवाय बाहेर नाही. लहान मुलं: आईबापांना विचारून. सत्तेवरची माणसं कामावर असताना: कोणाच्या बापाला विचारणार नाही. यावर माझ्याशी भांडा, पण संमतीपत्र घेऊन रस्त्यावर फिरायला सांगू नका, ते मी करणार नाही.

फटकळ

झोपलेल्याला दाखवायचं म्हणजे उठवायचं का?

तिरपा डोळा

नाही. मग तो फोटो माझ्याकडेच राहील. राहू दे.

निळी पिशवी

झोपलेल्या माणसाबद्दल मला अजून पटलेलं नाही, तुमच्याकडे तरी का राहावा? पण बाकीच्यावर भांडायची ताकद आज नाही. माझा फोटो टाकणाऱ्या गृहस्थांनी कालच तो काढून टाकला. मी तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा. सोबत लिहिलंय, छापील प्रत तुम्हाला भेट पाठवू का? पत्ता मागितलाय.

तिरपा डोळा

पत्ता देऊ नका.

एक सांगायचं राहिलं. पिवळं पाकीट आणि बाकाखालची चप्पल वाचली तेव्हाच फोटो कुठला ते कळलं होतं. मी त्याखाली 'काय प्रकाश पकडलाय!' असं लिहिलं होतं. चारशेव्या की कितव्या क्रमांकावर.

निळी पिशवी

वाचलं होतं. प्रकाश चांगला होता, हे मलाही मान्य आहे.