गेटवर 9 तास गेले, मग झोपायचं कधी?

उसगावकर
मागच्या आठवड्यातली गोष्ट. माझा चुलतभाऊ बाराचाकी ट्रक चालवतो. सकाळी 9 ला गोव्यात वेर्ण्याला एका कारखान्याच्या गेटबाहेर गाडी लावली, माल तयार नाही. संध्याकाळी 6 ला गाडी भरली. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात देताना सुपरवायझर म्हणाला, उद्या सकाळी 7 ला पुण्यात पाहिजे. बोरी, फोंडा, मोले, अनमोड घाट, बेळगाव, कोल्हापूर. साडेचारशेच्या वर किलोमीटर. भरलेली गाडी ताशी 40 ने धरली तरी साडेअकरा तास नुसतं चाक हातात.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास ठरवले होते, लांब पल्ल्याला फार तर 10, आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पुढे तो कायदा 2020 च्या कामगार संहितेत गेला. पण गेटवरचे तास कोण मोजतो? माझं म्हणणं एवढंच, ते ड्युटीत धरा. बिल्टीवर गाडी आल्याची आणि भरल्याची वेळ लिहा. मग घाई कुणामुळे झाली ते आपोआप दिसेल.

दोन गाड्यांचा मालक
बोलायला सोपं आहे. 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा दारात खनिज वाहणारे 4 टिपर होते. दोन विकले, बाकीच्यांचे हप्ते फेडता फेडता केस पांढरे झाले. आता गाडी उशिरा पोचली की पार्टी भाड्यातून कापते आणि पुढचा फोन दुसऱ्याला जातो. शिवाय तुमच्या त्या 1961 च्या कायद्याला 5 कामगार तरी लागायचे. माझ्याकडे दोन! आणि ड्रायव्हर स्वतःच म्हणतो, पात्रांव (मालक), आणखी एक ट्रीप द्या. मी नको म्हणू?

उसगावकर
पगार ट्रीपवर ठेवलात तर तो ट्रीपच मागणार. झोपेचे पैसे देता का?

डिस्पॅचवाला
सगळं कंपनीच्या माथी मारू नका. गेटवर थांबणं म्हणजे काम का? गाडी लावा आणि झोपा, कुणी अडवलंय? तिकडे पुण्यात माल नाही पोचला तर लाइन बंद पडते, शिव्या मी खातो. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या सरकारी ऑनलाइन कागदाची, मुदत असते ती वेगळीच.

उसगावकर
मुदतीचं नाव नको. 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे पुण्याला तीन दिवस. घाई सरकारची नाही, तुमची आहे.

केबिनमधला
झोपा म्हणणाऱ्यांनी एकदा रांगेत यावं. अर्ध्या तासानं एक गाडी पुढे सरकते. डोळा लागला की वॉचमन दारावर दांडा आपटतो, नाहीतर मागचा नंबर घेतो. मे महिन्यात केबिनचा पत्रा हात लावू देत नाही. एसी केबिनची सक्ती आली 2025 ला, तीही नव्या बनणाऱ्या गाड्यांना, माझी 2016 ची.

पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर लागायचे. 2018 ला ती अट काढली. क्लीनर तर कधीच परवडेनासा झाला. आता रात्रभर मी आणि रेडिओ. पहाटे 3 ला अनमोड चढताना खिशात हिरव्या मिरच्या असतात. टोक चावायचं, डोळ्यांतून पाणी आलं की पाच मिनिटं निघतात. एकदा वळणावर समोर बस दिसली म्हणून कचकन ब्रेक मारला. बस नव्हती. रस्त्यावर काहीच नव्हतं.

फोंड्याची नर्स
सकाळी 6 ला उठलेला माणूस पहाटे 3 ला 21 तास जागा असतो. 17 तास जागरण झालं तरी हातापायांची गत रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखी होते, असं अभ्यास सांगतात. आपल्याकडे कायद्याची मर्यादा 0.03 आहे. नळी फुंकायला लावतात ती फक्त दारूसाठी. ताशी 60 च्या वेगात 4 सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ 67 मीटर गाडी आंधळी.

मडगावहून
शेजारचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, लॉरी चालवतो. साडेचार तास चाक झालं की 45 मिनिटं थांबायचंच, गाडीतलं टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं लिहून ठेवतं. अमेरिकेत कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत 11 तासच चालवायचं. गोदामाबाहेर ताटकळणं शेजारच्या त्या मुलालाही चुकलेलं नाही, पण मालकाचा फोन आला तर यंत्राकडे बोट दाखवता येतं.

दोन गाड्यांचा मालक
यंत्राचे पैसे कोण भरणार? आणि थांबायचं कुठे? मोल्यानंतर घाटापर्यंत अभयारण्य. 2021 ला गडकरी म्हणाले होते, पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे तास ठरवा. पायलटला कुणी गेटवर 9 तास उभं करत नाही हो.

उसगावकर
म्हणजे माझंच म्हणणं आलं की!

दोन गाड्यांचा मालक
वेळ लिहायला माझी ना नाही. उशिराचे पैसे मला कापताना तीच कामाला येईल. पण सही कोण करणार, वॉचमन?

डिस्पॅचवाला
त्याच्या वहीत प्रत्येक गाडीची वेळ असतेच. लपवण्यासारखं काही नाही.

केबिनमधला
मी एकदा डोकावलो होतो त्या वहीत. रांगेला लागलो सकाळी साडेआठला, वहीत साडेतीन. विचारलं तर म्हणे, गेटच्या आत चाक आलं की मगच नोंद.