स्क्लेरल लेन्स दुपारनंतर धूसर होते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

स्वतःला किंवा घरात कुणाला केराटोकोनस आहे अशांकडून मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

१९व्या वर्षी निदान झालं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी दोन वर्षं चष्म्याचा नंबर सारखा बदलत होता, आणि ॲलर्जीने खाजणारे डोळे मी मुठीने चोळत होते. चोळू नकोस असं तेव्हा कुणी बजावलं असतं तर, ही चुटपुट अजून जात नाही. दोन्ही डोळ्यांचं क्रॉस-लिंकिंग झालंय. रिबोफ्लेविनचे थेंब घालून वरून अतिनील किरण सोडतात, ते. आजार आहे तिथे थांबला, पण गेलेली नजर त्याने परत येत नाही. उजव्या डोळ्याचं चष्म्यावर भागतं. डाव्याला रस्त्यावरच्या एका दिव्याचे पाच-सहा दिसतात, प्रत्येकाला खाली शेपटी.

आधी आरजीपी, म्हणजे लहान कडक लेन्स वापरली. दिसायचं छान, पण शंकूच्या टोकावरच घासायची आणि धुळीचा एक कण आत गेला की डोळा उघडता यायचा नाही. महिन्यापूर्वी स्क्लेरल मिळाली. ती कॉर्नियाला न टेकता पांढऱ्या भागावर बसते आणि मधली जागा सलाइनने भरलेली असते. पहिल्यांदा घातली त्या दिवशी समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. एकच काटा. मी तिथेच रडले.

आता अडचण. सकाळी ८ला घालते, साडेअकरापर्यंत लख्ख. मग हळूहळू दुधाळ पडदा येतो. काढून, नवं सलाइन भरून घातली की पुन्हा तीन तास बरे जातात. शिवाय घालताना हमखास बुडबुडा राहतो, चार-चार वेळा काढून घालावी लागते. तोवर डोळा लाल. हे फिटिंगचं चुकतंय की माझं? पुढची तपासणी १२ दिवसांनी सकाळी आहे. तोवर काय करू? ही लेन्स मला सोडायची नाहीये.

---

काजवा:

ताई, घाबरू नका. नऊ वर्षं स्क्लेरल वापरतोय, हे धुकं मलाही होतं. अश्रूंमधला तेलकटपणा, चिकट स्राव असं काहीबाही कडेखालून आत जातं आणि त्या पाण्यात अडकून राहतं.

आधी एक करून बघा. धूसर झालं की लेन्स न काढता, प्लंजर (लेन्स घालायची-काढायची छोटी रबरी वाटी) सलाइनने ओला करून लेन्सचा फक्त पुढचा भाग हलकेच पुसा. लगेच स्वच्छ दिसलं तर थर वरचा आहे. फरक पडला नाही तर आतलं पाणी गढूळ झालंय. डॉक्टरांना हे नेमकं सांगता आलं की त्यांचं निम्मं काम होतं. आतलं असेल तर कडा कुठे उचलली जातेय का, मधलं अंतर जास्त आहे का, हे ते बघतील. हे अंतर साधारण २०० मायक्रॉनच्या आसपास ठेवतात. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तरी असं होतं, तेही विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तपासणीला जाताना लेन्स किमान चार तास आधी घातलेली हवी. घातल्यावर ती काही तास हळूहळू खाली बसत जाते, अंतर कमी होतं. ताजी घालून गेलात तर सगळं ठीकच दिसेल आणि तुम्ही तशाच परत याल. माझं असं दोनदा झालं.

बुडबुड्याचं म्हणाल तर आरसा टेबलावर आडवा ठेवा. हनुवटी छातीला टेकवा, चेहरा जमिनीला अगदी समांतर. लेन्स काठोकाठ नाही, पाणी वर फुगेल इतकी भरा. पापण्या दोन बोटांनी घट्ट धरा, प्लंजरच्या मधल्या भोकाकडे बघत राहा आणि लेन्स चहूबाजूंनी टेकेपर्यंत पापणी सोडू नका. आपण सगळे घाईत पापणी आधी सोडतो, तिथेच हवा शिरते.

काढताना प्लंजर मध्यभागी कधीच लावू नका, खालच्या कडेजवळ लावा. मध्ये लावला तर सगळा डोळाच ओढला जातो.

---

पाऊलवाट:

काजवा यांनी छान सांगितलंय. माझ्या एका डोळ्यात कॉर्नियाचं प्रत्यारोपण झालंय, म्हणून दोनच गोष्टी जोडते.

लेन्स काढल्यावरही धूसर राहिलं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं दिसली, तर तो कचरा नव्हे. कॉर्नियाला प्राणवायू कमी पडून सूज आलेली असू शकते. त्यात दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १८८८ साली आडॉल्फ फिक यांनी केलेली लेन्सही अशीच पांढऱ्या भागावर टेकणारी होती, पण काचेची, तिच्यातून प्राणवायू जाईच ना. आजच्या लेन्समधून जातो, तरी प्रत्येक डोळ्याला तो पुरतोच असं नाही.

दुसरं, नळाचं पाणी लेन्सला अजिबात लावू नका, डबी धुवायलाही नको. त्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवाने होणारा संसर्ग फार चिवट असतो. भरायला प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाइनच वापरा, कारण ते तासन् तास कॉर्नियाला लागून राहतं. एकदाच वापरायच्या कुप्या सगळ्यात बऱ्या, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारी पुसून पाहिलं, काहीच फरक नाही, म्हणजे आतलंच आहे. काढल्यावर मात्र धुकं लगेच जातं, वर्तुळं वगैरे नाहीत. काजवादादा, पापणी मी खरंच आधी सोडत होते. आज दुसऱ्याच प्रयत्नात बुडबुड्याशिवाय बसली. सलाइनच्या बाटलीवरचं वाचलं तर त्यात प्रिझर्व्हेटिव्ह निघालं. दुकानात नुसतं सलाइन मागितलं होतं, त्यांनी ते दिलं. आजच कुप्या आणल्या.

तपासणीची वेळ फोन करून दुपारी ३ची करून घेतली आहे. सकाळी ८ला लेन्स घालूनच जाईन. काय म्हणतात ते इथे लिहिते.