क्वांटम मेमरीला मराठीत काय म्हणाल? ‘स्मृती’ पटत नाहीये

तलावपाळी: मंडळी, मुलीच्या अकरावीच्या प्रोजेक्टचा तक्ता मराठीत करतोय, विषय क्वांटम नेटवर्क. तिने मेमरीला ‘पुंजस्मृती’ लिहिलं तर आमच्या बाबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ गं? दुसरा शब्द आहे का?

ऐरोलीकर: ‘पुंज’ राहू दे, पुंजयामिकीमुळे (क्वांटम मेकॅनिक्स) रुळलाय. घोळ स्मृतीचाच आहे. आठवण दहा जणांना सांगितली तरी आपल्याकडे राहतेच ना, इथे नाही. अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपी काढता येत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. मेमरीत फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, अवस्था क्रिस्टलमधल्या अणूंवर उतरवायची आणि हवी तेव्हा प्रकाश म्हणून परत काढायची, काढली की आत काही उरत नाही. चीनमध्ये २०२१ साली युरोपियमवाल्या क्रिस्टलने प्रकाश तासभर धरून ठेवला होता. मी तर ‘अनामत’ म्हणेन, ठेवलं तेच परत.

वाशीवाली: अनामत नको हो 😄 घरमालकाने आमच्या डिपॉझिटमधून रंगकामाचे कापले होते ते आठवतं.

ऐरोलीकर: ताई मग तर शब्द अगदी फिट्ट, कारण मेमरीतही टाकलेले सगळे फोटॉन परत येत नाहीत, किती टक्के येतात त्यावरही तिची किंमत ठरते.

तलावपाळी: पण मुळात धरून कशाला ठेवायचं?

ऐरोलीकर: चांगल्या फायबरमध्येसुद्धा १०० किमीला शंभरातला एखादाच फोटॉन पोचतो, आणि कॉपी होत नाही म्हणून मधे अॅम्प्लिफायर लावून भागत नाही. मग रस्त्याचे तुकडे पाडतात. समजा तू कल्याणहून येतोयस, मित्र पनवेलहून, ठाण्याला भेटून पुढे जायचंय. दोन्ही लोकल एकाच सेकंदाला येणार थोडीच, जो आधी येईल तो फलाटावर थांबतो. तो फलाट म्हणजे मेमरी. दोन्ही तुकड्यांवर एंटँगलमेंट, म्हणजे दोन टोकांच्या अवस्थांमधलं क्वांटम नातं, तयार झालं की ते तुकडे मधे जोडायचे, त्या यंत्राला रिपीटर म्हणतात पण ‘पुनरावर्तक’ लिहू नकोस, ते काहीच परत म्हणत नाही. रेल्वेतला ‘सांधा’ बघ.

वाशीवाली: सांधा झकास! आणि एंटँगलमेंटला गुंता नको, गुंता सोडवायचा असतो. गुंफण म्हणा. शिवाय तक्त्यावर ‘स्त्रोत’ लिहिलं असेल तर आधी ते बदला, शब्द ‘स्रोत’ आहे, पहिल्या जोडाक्षरात त नाही.

तलावपाळी: सिंगल फोटॉन सोर्सला ‘एकल फोटॉन स्रोत’ लिहू?

ऐरोलीकर: ‘एकेक फोटॉन सोडणारा’ असं सरळ लिही. लेझर कितीही मंद केला तरी कधी शून्य, कधी एक, मधूनच दोन येतात. दर वेळी नेमका एकच हवा, म्हणून तर क्वांटम डॉट (अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म कण) वगैरेंची खटपट.

तलावपाळी: ओके, अनामत आणि सांधा फायनल. स्त्रोत मात्र मार्करने चार ठिकाणी लिहून झालंय, व्हाइटनर शोधतोय.