जुना लॅपटॉप की नवा? लाइव्ह सेटमध्ये चरचर नव्यावरच येतेय

लूपकर:
दोनपैकी कोणता लॅपटॉप स्टेजवर न्यावा?
जुना: २०१२ चा, चार कोरचा आय सेव्हन, १६ जीबी रॅम, नंतर बसवलेली साटा एसएसडी, विंडोज १०.
नवा: पातळ, १२ कोरचा (४ मोठे, ८ छोटे), १६ जीबी, विंडोज ११.
बाकी सगळं सारखं: एबलटन लाइव्ह ११ (स्टेजवर संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर), यूएसबी २.० इंटरफेस (माइक-वाद्यं लॅपटॉपला जोडणारी पेटी) त्याच्याच एसिओ (कमी उशिराच्या) ड्रायव्हरवर, ४८ किलोहर्ट्झ, बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल. एकूण २४ ट्रॅक, त्यात दोन माइक आणि एक कीबोर्ड लाइव्ह, उरलेल्या क्लिप्स (आधीच तयार केलेले तुकडे).

जुन्यावर सीपीयू मीटर ६०-६५ टक्क्यांवर असतो, पण आवाज स्वच्छ. नव्यावर मीटर जेमतेम ३०, तरी दर काही मिनिटांनी 'टक्' होतं आणि चार्जर काढला की जास्तच. बफर ५१२ केला की थांबतं, पण मग गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो. दोष मशीनचा की सेटिंगचा?

कणसूर:
मीटर सरासरी सांगतो, 'टक्' मात्र एकच बफर वेळेत भरला नाही तरी होतं. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) १२८ सॅम्पल म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळं गणित उरकायचं, मग पुढचे २.६७. मधेच एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर दीड-दोन मिलिसेकंद अडवून ठेवला तर प्रोसेसर कितीही वेगवान असो, उपयोग नाही.

आधी लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते दाखवणारा प्रोग्रॅम) दहा-पंधरा मिनिटं चालवा, नेहमीच्या सगळ्या गोष्टी चालू ठेवून. ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सर्वाधिक वेळ घेणारा वर येईल असं लावा. एनडीआयएस दिसलं तर नेटवर्क, एसीपीआय दिसलं तर वीज-बॅटरी, डीएक्सजीकर्नल दिसलं तर ग्राफिक्स. आकडा ५०० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर निश्चिंत राहा, १००० च्या वर गेला तर १२८ वर स्टेजला जाऊ नका.

वाय-फाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा, नुसता एअरप्लेन मोड पुरेलच असं नाही. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा आणि यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा. चार्जर काढल्यावर त्रास वाढतो, कारण बॅटरीवर विंडोज प्रोसेसरची गती आणि वीज दोन्ही आवळते. शोमध्ये चार्जर लावलेलाच हवा.

पेटीमास्तर:
कणसूर म्हणतात ते बरोबर, पण बारा कोर हा आकडाही फसवा आहे. एका ट्रॅकवरची प्लगइन्सची (आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) साखळी एका कोरवरच चालते, कारण दुसऱ्या प्लगइनला पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सुरू करता येत नाही. माइकवर ईक्यू, कॉम्प्रेसर, पिच करेक्शन, मग ग्रुप, मग मास्टरवर लिमिटर: ही सगळी एकच रांग. ती छोट्या कोरवर गेली तर तिला जास्त वेळ लागतो आणि बाकीचे कोर रिकामे असूनही तिच्यासाठी थांबतात. जुन्या मशीनचे चारही कोर सारखे असल्याने तिथे हा प्रश्नच येत नाही.

तपासायची सोपी रीत: टास्क मॅनेजर, डिटेल्स, लाइव्हवर राइट क्लिक, सेट अफिनिटी (प्रोग्रॅमने कोणते कोर वापरायचे ते ठरवणारं सेटिंग). तुमच्या ४+८ रचनेत ० ते ७ हे सहसा मोठ्या कोरचे थ्रेड असतात. तेवढेच टिकमार्क ठेवून अर्धा तास वाजवा. टक् थांबलं तर कारण सापडलं. लाइव्ह बंद केला की हे सेटिंग पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. बायोसमध्ये छोटे कोर बंद करायची सोय असेल तर कायमचा उपाय तोच.

मास्टरवर लुक-अहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू असेल तर काढा. त्यांचा उशीर बफरच्या वर जमा होतो. स्टुडिओतलं मास्टरिंग स्टेजवर नेण्याचा हट्ट मला तरी कळत नाही.

लूपकर:
लेटन्सीमॉनमध्ये एनडीआयएस १४०० च्या आसपास होतं, वाय-फाय डिसेबल केल्यावर ३०० च्या खाली आलं. अफिनिटी लावल्यावर चार्जरवर स्वच्छ. पण अर्ध्या तासानंतर, मशीन तापलं की मीटर ३० वरून ४५ ला जातो. आणि चार्जर लावला की स्पीकरमध्ये घूंऽऽ अशी गुणगुण येते.

कणसूर:
पातळ मशीन सुरुवातीला थोडा वेळच पूर्ण जोरात चालतं, मग वीज आणि तापमानाची मर्यादा लागते. म्हणून चाचणी गरम खोलीत, पूर्ण सेटची, तासभर घ्या. लॅपटॉप स्टँडवर ठेवा, खालच्या जाळ्या मोकळ्या राहू द्या. ४५ चालेल, पण शेवटच्या गाण्याला ७० च्या पुढे जाऊ देऊ नका. जड सिंथ असलेले ट्रॅक फ्रीझ करा (त्यांचा ऑडिओ आधीच बनवून ठेवा).

गुणगुण ग्राउंड लूपची (उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याची) आहे. इंटरफेसपासून मिक्सरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरा, तरी राहिली तर ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या केबलमधला ग्राउंडचा दुवा तोडणारी कळ) असलेला डीआय बॉक्स (मधे लावायची जोडपेटी) लावा. चार्जरची अर्थची पिन काढण्याचा 'उपाय' कोणी सुचवला तर ऐकू नका, माइकला ओठ लावणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो.

पेटीमास्तर:
गाणाऱ्याचा आवाज लॅपटॉपमधून फिरवून त्याच्याच कानात द्यायची गरज आहे का? पिच करेक्शन लागत नसेल तर माइक थेट मिक्सरला द्या आणि लॅपटॉपमधून फक्त रिव्हर्ब-डिले, शंभर टक्के वेट (मूळ आवाज न मिसळता), घ्या. रिव्हर्ब दहा मिलिसेकंद उशिरा आला तर तो प्री-डिले (रिव्हर्बआधी मुद्दाम ठेवलेला थांबा) वाटतो, खटकत नाही. मग बफर २५६ केला तरी चालतो आणि निम्मी काळजी मिटते. कीबोर्डला २५६ वर थोडं जड लागेल, तेवढं बोटांना सवयीचं होतं.

सुरपेटी:
स्टेजवर नवाच न्या, पण जुना विकू नका. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याला इंटरनेटपासून दूर ठेवा. पंखा साफ करा, थर्मल पेस्ट बदला. बॅटरी फुगली असेल (ट्रॅकपॅड वर उचललेला दिसतो) तर ताबडतोब काढा. बॅटरी चांगली असणं महत्त्वाचं, कारण स्टेजवर वीज क्षणभर गेली तरी तीच मशीन वाचवते.

त्याला राखीव मशीन करा. सगळ्या गाण्यांचे स्टेम (वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक) बाऊन्स करून (तयार ऑडिओ फाइल बनवून) एका साध्या सेटमध्ये टाका, प्लगइन एकही नको. स्वतःचा छोटा इंटरफेस, मिक्सरवर स्वतःचे दोन चॅनेल, फेडर खाली. पुढे नव्यावर लाइव्ह १२ टाकलंत तर त्यात सेव्ह केलेला सेट जुन्यावरच्या ११ मध्ये उघडणार नाही, तेव्हा राखीव सेट ११ मध्येच बनवून ठेवा.