मदत हवी आहे: पंपाच्या ऑफिसमधला नवा पीसी कंट्रोलरला जोडला जात नाही

पेट्रोल पंपाच्या ऑफिसमधला जुना पीसी मदरबोर्ड जळून बंद पडला. त्याच्या जागी नवा ठेवला, केबल तीच, स्विचचं पोर्टही तेच. पोर्टचा दिवा हिरवा लागतो, पण पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी मिळतो, म्हणजे डीएचसीपीकडून (आपोआप आयपी देणारी सेवा) काहीच येत नाही.

जुन्या पीसीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतला आयपी, सबनेट मास्क आणि गेटवे हाताने भरून पाहिला (चिठ्ठी लावणाऱ्याचे उपकार!). तरी गेटवे किंवा पंप कंट्रोलर (पंपाची मशीन्स सांभाळणारं उपकरण), कुणीच पिंगला (जोडणी तपासणारा संदेश) उत्तर देत नाही. फायरवॉल बंद करून पाहिली. केबल ठीक आहे. दुसऱ्या राउटरला लावली की तीच चालते.

स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) आहे, पासवर्ड फक्त व्हेंडरकडे. कार्ड मशीनही त्याच स्विचवर असल्यामुळे रिसेट करायचा नाही आणि दुसऱ्या पोर्टात केबल घालून प्रयोगही करायचे नाहीत. पंप चोवीस तास चालू असतो.

माझा संशय पोर्ट सिक्युरिटीवर आहे, जुन्या पीसीचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) तिथे बांधलेला असावा, म्हणून स्विच दुसऱ्या पीसीला अडवत असेल. पण तसं असतं तर पोर्ट बंद पडून दिवा विझला नसता का? की व्हीएलॅनची (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्क्स) भानगड आहे? व्हेंडरला नेमकं काय तपासायला सांगू?