ब्रिटनी "वाया गेली" हे आपल्याला सांगितलं कोणी?

मोगरा
परवा घरी अमेरिकन पॉप गायिका ब्रिटनी स्पीअर्सचा विषय निघाला आणि सगळ्यांचं एकच, "बिचारी, वाया गेली." हे वाक्य आपल्या डोक्यात घातलं कोणी?

जानेवारी 1999 मध्ये तिचा पहिला अल्बम आला आणि थेट बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमविक्रीच्या, यादीत पहिला गेला. ती 17 वर्षांची होती. पुढची कित्येक वर्षं लिहिणाऱ्यांनी गाण्यांपेक्षा तिच्या कपड्यांवर आणि कौमार्यावरच जास्त शाई खर्च केली. 2003 मध्ये डायन सॉयर यांच्यासारख्या नावाजलेल्या पत्रकाराने टीव्हीवर तिला तिचा आधीचा प्रियकर, गायक जस्टिन टिंबरलेकबद्दल विचारलं, की तू असं काय केलंस ज्याने तो एवढा दुखावला? 21 वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर रडली. 2007 मध्ये तिने डोकं भादरलं, तो फोटो जगभर छापला. आमच्या ऑफिसात तो एकमेकांना मेल केला गेला, मीही केला. आठवलं की अजून लाज वाटते.

1 फेब्रुवारी 2008 ला कोर्टाने तिच्यावर पालक नेमले, त्यात तिचे वडील. पैसा, डॉक्टर, घरी कोणी यायचं, सगळं दुसऱ्यांच्या हातात. आणि छापून काय यायचं? "कमबॅक". त्याच वर्षअखेरीस नवा अल्बम, 2009 मध्ये दौरा, नंतर 2013 ते 2017 लास व्हेगासला 248 शो. जिला स्वतःचा व्यवहार कळत नाही असं कोर्टात सांगितलं जातं, ती एवढं काम कशी करते? हा साधा प्रश्न लावून धरला तो चाहत्यांनी. 'फ्री ब्रिटनी', म्हणजे ब्रिटनीला मोकळं करा, हे शब्द एका चाहत्याच्या वेबसाइटवर 2009 पासून होते. 2020 मध्ये वडिलांनी या लोकांना कटकारस्थानवाले म्हटलं. 23 जून 2021 ला ती स्वतः कोर्टात बोलली, की मला मूल हवंय पण पोटातली तांबी काढू देत नाहीत. 12 नोव्हेंबरला पालकत्व संपलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. तिची खोटी गोष्ट समीक्षकांनी लिहिली, खरी चाहत्यांनी.

रात्रपाळी
तुमची कळकळ पोचली, पण पापाराझी आणि संगीत समीक्षक यांना एकाच दोरीने बांधू नका. 'ब्लॅकआउट' घ्या. सप्टेंबर 2007 मध्ये एमटीव्हीच्या सोहळ्यात ती अडखळली, त्यावर सगळे तुटून पडले. पुढच्याच महिन्यात हा अल्बम आला, आणि तेव्हासुद्धा काही समीक्षकांनी तो बाकी गोंधळापासून वेगळा काढून नीट ऐकला. आज तो तिच्या सर्वोत्तम कामात धरतात. नंतरच्या पॉपवर त्या आवाजाची छाप आहे, हे आपल्याला समीक्षकांनीच समजावलं.

तो अल्बम दुसऱ्या क्रमांकावर का आला, हेही बघा. बिलबोर्डने ऐनवेळी नियम बदलला आणि एकाच दुकानसाखळीत विकला जाणारा ईगल्स या बँडचा अल्बम यादीत धरला. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटतं, घसरली. तपशील शोधणं, मांडणं हे समीक्षकाचं काम, आणि ते हवंच.

आणि तो टकलाचा फोटो असलेली मासिकं विकत कोण घेत होतं? तिचे चाहतेच ना?

चिंचबोर
रात्रपाळी, शेवटचा प्रश्न बरोबर आहे. पण "काही समीक्षकांनी" हे शब्द तुम्हीच वापरलेत. बाकीच्यांनी अल्बमचं श्रेय निर्मात्यांना दिलं आणि तिला जणू तिच्याच गाण्यातली पाहुणी केलं. बाईने यश मिळवलं की ते कोणाच्या तरी खात्यावर टाकायचं, हे फार जुनं दुखणं आहे.

जांभूळवाडी
मी मोगरा यांच्या विरुद्ध आहे, आणि कारण चाहतेच आहेत. जानेवारी 2023 मध्ये तिने इन्स्टाग्रामचं खातं बंद केलं, तर चाहत्यांनी काळजीपोटी पोलिसांना फोन केले. पोलीस घरी गेले. खासगीपणावर अतिक्रमण झालं, हे तिला स्वतः लिहावं लागलं. 13 वर्षं दुसऱ्यांनी तिच्यावर नजर ठेवली म्हणून ज्यांनी कोर्टाबाहेर फलक धरले, त्यांच्यातलेच काही आता तिच्या नाचाच्या व्हिडिओत पडद्यामागे कोण उभं आहे ते शोधत बसतात. डोळे काय, झूम काय. कोणी तरी तिची शुद्ध तपासत राहायचं, एवढं मात्र कायम आहे.

प्रेम आहे म्हणून हे चालतं, असं मला नाही पटत. वडीलही प्रेमाचंच नाव घेत होते.

मोगरा
जांभूळवाडी, शेवटचं वाक्य लागलं. तरी तुलना पुरती मान्य नाही. वडिलांच्या हातात कोर्टाचा आदेश होता, चाहत्यांच्या हातात फक्त फलक. नोव्हेंबर 2021 मध्ये तिने स्वतः व्हिडिओ करून चाहत्यांचे आभार मानले, तुम्ही माझा जीव वाचवलात या अर्थाचं बोलली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी अशा पालकत्वाच्या कायद्यात सुधारणा केली, त्याचा फायदा जिचं नावही कोणाला माहीत नाही अशा एखाद्या म्हातारीलाही होईल. हे एका लेखाने झालेलं नाही.

रात्रपाळी
न्यूयॉर्क टाइम्सचा तिच्यावरचा माहितीपट फेब्रुवारी 2021 चा. त्यानंतरच टिंबरलेकने जाहीर माफी मागितली. पत्रकारितेला एवढं तरी द्या.

मोगरा
दिलं. पण त्या माहितीपटात सांगायला काही होतं, कारण बारा वर्षं कोणी तरी विचारत राहिलं होतं.

चिंचबोर
एक सांगू? जानेवारी 2024 मध्ये तिने लिहिलं, की मी संगीतक्षेत्रात कधीच परतणार नाही. मी ते वाचलं आणि पहिला विचार आला तो हाच, की असं नको ना, एक तरी अल्बम काढ. मग बराच वेळ गप्प बसले. तिने तिचं म्हणणं एका वाक्यात सांगितलं होतं आणि मी लगेच त्याच्या पुढचं प्रकरण लिहायला घेतलं होतं.