मदत हवी आहे : स्टुटगार्टमध्ये घर मिळतंय, पण ओटा विकत घ्यावा लागतोय

मंडळी, चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिला धागा गरजेपोटी काढतेय. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, म्हणून जरा घाई.

नवरा दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी स्टुटगार्टला गेलाय. मी, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई सध्या पाचपाखाडीत. आम्हा दोघींचा व्हिसा आला की निघायचं, सासूबाई नणंदेकडे ऐरोलीला जातील. कंपनीने दिलेली खोली त्याला महिनाअखेरीला सोडायची आहे. घरासाठी साठेक अर्ज टाकले. नऊ जणांनी उत्तर दिलं, चौघांनी बघायला बोलावलं. एका ठिकाणी तर तिसऱ्या मजल्यापासून खाली फुटपाथपर्यंत रांग, दिवाळीच्या आदल्या रविवारी राम मारुती रोडला असते तशी. फक्त कोणी कोणाला ढकलत नव्हतं.

ठाण्यात लग्नानंतर आम्ही तीन भाड्याची घरं बदलली. एजंटला एका महिन्याचं भाडं, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन, संध्याकाळी टेम्पो. संपलं. जर्मनीत एजंट घरमालकाने नेमला असेल तर त्याची फीही घरमालकच देतो, 2015 पासून तसा कायदा आहे. हे ऐकून मी खूश झाले होते. पण एजंटचे वाचले ते ओट्यात जाणार असं दिसतंय.

तर घर असं. फॉयरबाख भागात, दोन ‘त्सिमर’ म्हणजे खोल्या, 58 चौरस मीटर. (मी टू बीएचके समजून सगळ्यांना सांगून मोकळी झाले. तिथे हॉलही खोलीतच मोजतात, म्हणजे आपला वन बीएचके.) नुसतं भाडं, ज्याला ते काल्टमीटे म्हणजे ‘थंड भाडं’ म्हणतात, ते 980 युरो. वर पाणी, हीटिंग, कचरा, जिन्यातले दिवे यांचे 230. वीज आणि इंटरनेट आपलं आपण बघायचं. डिपॉझिट तीन थंड भाडी, म्हणजे 2940.

इथपर्यंत ठीक. पण स्वयंपाकघर आत्ताच्या भाडेकरूचं आहे! त्याने स्वतः बसवलंय आणि त्याचे त्याला 3800 युरो हवेत, नाहीतर उचकटून घेऊन जाणार. मला वाटलं फ्रिज-मायक्रोवेव्हबद्दल बोलतोय. मग नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर त्याच इमारतीतलं वरचं रिकामं घर दाखवलं. स्वयंपाकघर म्हणून जी खोली होती तिथे भिंतीतून आलेल्या, टोप्या लावलेल्या दोन नळ्या, एक जाड वायर, कपाटं होती तिथे टाइल्सवर पांढरे चौकोन आणि छतातून लोंबणाऱ्या तीन वायरी. दिवेसुद्धा नेलेले. लेक म्हणाली, ‘बाबा, इथे चोर आले होते का?’

शिवाय तो भाडेकरू म्हणतोय, हजार युरो आत्ता द्या, म्हणजे मी दुसऱ्या कोणाला शब्द देणार नाही. माणूस सज्जन आहे असं नवऱ्याचं मत. नवऱ्याला सगळेच सज्जन वाटतात.

किचन घ्यावं का? आगाऊ पैसे द्यावेत का? आणि चावी हातात आल्यावर वीज-इंटरनेटसाठी कुठे कुठे धावायचं? आपल्याकडे महावितरणचं मीटर असतंच, घरमालकाच्या नावाचं बिल आपण भरतो. तिथे तसं नसतं म्हणतात. लेकीच्या शाळेचा या पत्त्याशी काही संबंध येतो का, तेही कोणी सांगा.

– पाचपाखाडीची

सानपाडा_ते_श्वाबेन :
ताई, आधी त्या हजार युरोंचं. देऊ नका. घराच्या करारावर दोन्ही सह्या झाल्याशिवाय किचनचा एक सेंटही द्यायचा नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे जुन्या भाडेकरूशी सामानाचा सौदा ठरला, तरी सहसा घराचा करार झाला तरच तो लागू होतो. आणि घर कोणाला द्यायचं हे घरमालक ठरवतो. हा कसला शब्द देणार?

आता 3800. या व्यवहाराला तिथे आबल्योझे म्हणतात. सामानाच्या खऱ्या किमतीपेक्षा भाव भलताच चढा असेल तर तो वरचा भाग बेकायदा ठरतो, कोर्टांनी साधारण दीडपटीची रेघ धरली आहे. त्यामुळे बिलं मागा. किचन कोणत्या साली बसवलं, ओव्हन आणि फ्रिज किती जुने, सगळं विचारा. आठ-दहा वर्षांचं असेल तर निम्म्यावर या. जर्मन माणूस घासाघीस करत नाही ही अफवा आहे. जे मिळणार त्याची यादी लिहून सही घ्या, दिव्यांसकट.

एक लक्षात ठेवा, विकत घेतलंत की ओव्हन बिघडला तर खर्च तुमचा, घर सोडताना विल्हेवाटही तुमची. घरमालकाचं किचन असतं तर दुरुस्ती त्याच्या गळ्यात असती. हे गणित धरून भाव करा.

आणि डिपॉझिट एकरकमी भरायची सक्ती नाही. तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. म्हणजे पहिल्या महिन्यात 2940 नाही, 980.

नौपाड्याचे नाना :
चार लाखांचा ओटा? आमच्या इथे एवढ्यात ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, चिमणी आणि वर वास्तुशांतीचं जेवण होतं.

सानपाडा_ते_श्वाबेन :
नाना, खरंय. पण तो ओटा सोडून जाताना कोणी खांद्यावर मारून नेत नाही ना.

खारघरकर_अनघा :
मी उलट बाजूने सांगते. आम्ही ‘कशाला दुसऱ्याचं जुनं किचन’ म्हणून नाही घेतलं. दोन हॉटप्लेट्स आणू, महिन्याभरात नवीन बसवून घेऊ असा हिशोब. दुकानातून किचन यायला पाच आठवडे, ते जोडणारा माणूस मिळायला आणखी दोन. तिथल्या शेगडीला थ्री फेज जोडणी असते, ती इलेक्ट्रिशियननेच करायची, आपला नवरा स्क्रूड्रायव्हर घेऊन कितीही तयार असला तरी. सात आठवडे मी बाथटबच्या कडेला बसून भांडी घासली. वरणभाताचं पातेलं शॉवरखाली. गुडघे अजून बोलतात.

सुट्ट्या किमती जोडत गेलो तर खर्च या 3800 च्या फार खाली नव्हताच. घ्या ते किचन, फक्त भाव पाडून घ्या. शेगडी कोणती आहे ते मात्र विचारा. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, स्टीलचा सपाट बुडाचा न्यायला लागेल. साधी काचेची असेल तर सपाट बुडाचं काहीही चालतं. मिक्सर बिनधास्त न्या, तिथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच. पण आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. अर्थिंगवाला ॲडॉप्टर घ्या, दोन पिनांचा स्वस्तातला नको.

घणसोलीचा_वायरमन :
विजेचं मी सांगतो, माझा विषय आहे. घर ताब्यात घेताना ताबापत्रक करतात, त्यात मीटरचे आकडे लिहून घ्यायचे आणि मोबाईलवर मीटर नंबरसकट फोटो काढायचा. हे पहिलं काम. बाकी भिंतीवरचे ओरखडे, खिडकीची कडी, सगळं त्यातच लिहून घ्या, नाहीतर सोडताना ते तुमच्या डिपॉझिटमधून निघतं.

तुम्ही काहीच केलं नाहीत तरी दिवे लागतात. त्या भागाची ठरलेली कंपनी आपोआप पुरवठा करते. फक्त तो दर सहसा महाग असतो. त्यातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कधीही बाहेर पडता येतं, पण मुळात आधीच दर बघून कंपनी निवडा आणि चावी मिळायच्या आधी अर्ज करा. पूर्वी राहायला गेल्यावर काही आठवड्यांनीही मागच्या तारखेने नोंद व्हायची, जून 2025 पासून ते बंद झालंय.

इंटरनेटचा अर्ज करार झाल्या दिवशीच टाका. तंत्रज्ञाची तारीख मिळायला कधी कधी महिना लागतो, तोवर मोबाईलचा डेटा. करार दोन वर्षांपर्यंतचा असतो, मधेच सोडता येत नाही, तेव्हा ‘पहिले सहा महिने स्वस्त’ला भुलू नका.

टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची वर्गणी भरावी लागते, घरटी महिना 18.36 युरो. नोंदणी केलीत की पत्र आपसूक येतं. फसवणूक समजून फेकू नका. माझ्या भाच्याने दोनदा फेकलं, मग दंडासकट आलं.

स्टुटगार्टी_वहिनी :
नोंदणीवरून आठवलं. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, नवऱ्याने आधी कंपनीच्या खोलीचा नोंदवला असला तरी पुन्हा. त्याला घरमालकाच्या सहीचा एक फॉर्म लागतो. त्याचं नाव म्हणून होईपर्यंत ठाण्याहून मुलुंड येतं, म्हणून इथे लिहीत नाही. तुम्ही दोघी पोचलात की तुमच्या नावांचा फॉर्मही लागेल, तेव्हा करारातच ‘पत्नी आणि मुलगी राहणार’ असं लिहून घ्या.

शाळेचा संबंध थेट येतो. पहिली ते चौथीची सरकारी शाळा पत्त्यावरूनच ठरते. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत तयारी वर्ग असतात. जवळच्या शाळेत आहे का ते नवऱ्याला आत्ताच विचारायला सांगा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तिथे फ्लॅट नंबर नसतो. ‘बी विंग, 704’ वगैरे काही नाही. पोस्टमन बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आमचा करक्रमांक असाच परत गेला होता, आणि तो नसेल तर कंपनी सगळ्यात चढ्या वर्गाने कर कापते. नंतर परत मिळतो, पण तोपर्यंत कढी पातळ. पासपोर्टवर तुमचं माहेरचं आडनाव असेल तर पेटीवर दोन्ही आडनावं लावा.

आणि केअरवोखे! शेजाऱ्याने दारावर पाटी अडकवली की तो आठवडा जिना झाडा-पुसायची पाळी तुमची. त्या भागाचं हे खास वैशिष्ट्य आहे. सोसायटीचा हाऊसकीपिंगवाला म्हणजे आपणच. रविवारी ड्रिल मात्र चालवू नका, खालची आजी चपला घालून वर येते.

पाचपाखाडीची :
सगळ्यांचे मनापासून आभार. घडामोडी सांगते.

नवऱ्याने हजार युरोंना नाही म्हटलं (मी फोनवर होते, म्हणून म्हटलं). तो माणूस जरा रुसला, पण बिलं दाखवली. किचन सहा वर्षांचं निघालं, फ्रिज मात्र गेल्या वर्षीचा. 2600 वर तुटलं, यादीसकट, दिवे धरून. करारावर काल सह्या झाल्या, माझं आणि लेकीचं नाव आहे. डिपॉझिटचे तीन हप्ते मागितल्यावर घरमालकीणबाई म्हणे नुसत्या ‘हो, अर्थात’ म्हणाल्या. शेगडी काचेची आहे, कुकर येतोय. अनघाताई, तुमचा बाथटब वाचून मी खरं तर तेव्हाच निर्णय घेतला होता.

वहिनी, तुमचं बरोबर निघालं, माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे. चावी एक तारखेला मिळणार, पण नवऱ्याने आजच पेटीची पट्टी छापून फोटो पाठवला, दोन आडनावं एकाखाली एक. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, ‘लेटरबॉक्सवर तुझ्या माहेरचं नाव वर आणि आमचं खाली का?’

त्याला म्हटलं, परत छाप.